संगणकाची जुळणी आणि सुधारणा

मुंबईंत ग्रँट रोड स्थानकापासून जवळच लॅमिंग्टन रोड आहे. त्याचें सरकारी नांव डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग असें असलें, तरी तें पाटीवर राहिलें आणि लोकांच्या तोंडीं जुनेंच टिकलें. संगणकाच्या सुट्या भागांचीं दुकानें तेथें ओळीनें लागलेलीं आहेत व त्यांच्या दारांत एक दृश्य वरचेवर दिसतें. बाप आणि मुलगा उभे असतात. मुलाच्या हातांत मित्रांना विचारून केलेली यादी असते, बापाच्या खिशांत ठराविक रक्कम असते, आणि यादींतील पहिल्याच वस्तूनें त्या रकमेचा निम्मा भाग गिळलेला असतो. ती पहिली वस्तु बहुधा ग्राफिक्स कार्ड असतें. उरलेल्या पैशांत बाकीचें सारें कसेंबसें बसवितात, संगणक घरीं येतो, आणि महिन्याभरानें अशी तक्रार सुरू होते कीं, एवढे पैसे ओतूनही तो अडखळतोच.

ही चूक पैशाची नव्हे, हिशेबाची आहे. संगणक म्हणजे एक यंत्र नसून तीं सात-आठ यंत्रें आहेत, व तीं एकमेकांची वाट पाहात काम करतात. प्रोसेसर गणित करतो. त्याला लागणारे आंकडे रॅममधून येतात. रॅममध्यें ते साठवणीच्या डिस्कवरून आलेले असतात. गणिताचें चित्र बनवून पडद्याकडे धाडणें हें ग्राफिक्स कार्डाचें काम. या सर्वांना वीज देणारा एक पोलादी डबा पेटीच्या कोपऱ्यांत असतो. त्याला आपल्याकडील दुकानदार एसएमपीएस म्हणतात. आणि हें सारें ज्या पाटावर मांडलेलें असतें तो मदरबोर्ड. पंगतींत भात वाढणारा मागें राहिला म्हणजे वरणाचें भांडें घेऊन आलेल्यास ताटापाशीं उभें राहावेंच लागतें. त्याचे पाय किती चपळ आहेत याचा तेथें उपयोग नसतो.

हें उभें राहणें किती मोठें असतें हें साध्या अंकगणितानें कळतें. फिरती हार्ड डिस्क मिनिटाला ७२०० फेरे घेते, म्हणजे सेकंदाला १२०. हवा तो मजकूर वाचणाऱ्या टोकाखालीं येण्यास सरासरीनें अर्धा फेरा लागतो. म्हणजे सेकंदाचा २४० वा भाग. तें टोक योग्य वर्तुळावर सरकविण्याचा वेळ वेगळाच. माणसाच्या हिशेबीं हा अवधि कांहींच नव्हे. परंतु ५ गिगाहर्ट्झच्या प्रोसेसरचे तेवढ्यांत २ कोटींहून अधिक ठोके पडून जातात. डिस्कवर विखुरलेले हजार बारीक तुकडे गोळा करावयाचे असले, तर केवळ या फिरण्यापायीं ४ सेकंद जातात आणि तोंवर तो महागडा प्रोसेसर हातावर हात ठेवून बसतो. एसएसडींत फिरणारा भागच नाहीं. तेंच काम ती सेकंदाच्या दहा हजाराव्या भागाच्या आसपास करते. म्हणूनच ज्या जुन्या संगणकास सुरू होण्यास चहा होईपर्यंतचा वेळ लागतो, त्याची हार्ड डिस्क काढून एसएसडी बसविली म्हणजे घरच्या माणसांस तो नवाच आणला असें वाटतें.

जीन ॲम्डाल या अमेरिकन संगणक-रचनाकारानें १९६७ सालीं मांडलेला नियम येथें ध्यानांत धरण्याजोगा आहे. एखाद्या कामाचा जो भाग वेगवान करतां येत नाहीं, तोच सबंध कामाच्या वेगाला मर्यादा घालतो, असा त्याचा सारांश. उदाहरणादाखल मिरजेच्या बाजूचा एक छायाचित्रकार घ्यावा. तो कल्पित आहे. पण त्याच्यासारखे गांवोगांवीं आहेत. तुळशीचें लग्न लागलें कीं त्याचा हंगाम सुरू होतो, आणि त्या चार-पांच महिन्यांतील लग्नांच्या चित्रफितींवर त्याचें वर्ष चालतें. एक चित्रफीत तयार करण्यास त्याच्या संगणकाला ६० मिनिटें लागतात. त्यांतील ४० डिस्कवरून चित्रें उचलण्यांत व पुन्हां ठेवण्यांत जातात आणि २० प्रोसेसरच्या गणितांत. त्यानें दुप्पट वेगाचा प्रोसेसर घातला तर वाचतील १० मिनिटें. शंभरपट वेगाचा घातला तरी ४० मिनिटांच्या आंत काम उरकणें नाहीं. नवा संगणक घेण्यासाठीं कर्जाचे कागद भरण्यापूर्वीं त्यानें एवढा भागाकार करून पाहणें अगत्याचें आहे.

हे भाग सुटे मिळतात व एकाचा दुसऱ्याशीं मेळ बसतो, ही गोष्ट आतां स्वाभाविक वाटते. मुळांत ती तशी नव्हती. आयबीएम कंपनीनें १२ ऑगस्ट १९८१ रोजीं आपला पहिला पर्सनल कॉम्प्युटर जाहीर केला. त्यांत इंटेलचा ४.७७ मेगाहर्ट्झचा ८०८८ हा प्रोसेसर होता व मदरबोर्डावर जादा कार्डें खोंचण्यासाठीं ५ खांचा होत्या. त्याहून महत्त्वाचें म्हणजे त्याच्या विद्युत्-मंडलांचे नकाशे कंपनीनें पुस्तकांत छापून दिले. त्यामुळें त्या खांचांत बसणारीं कार्डें कोणासही बनवितां येऊं लागलीं. पुढें कॉम्पॅकसारख्यांनीं तशाच जातीचे सबंध संगणकही काढले. १९९५ सालीं इंटेलनें एटीएक्स नांवाचें माप ठरविलें. मदरबोर्डाचीं भोकें कोठें असावींत, वीज कोणत्या जोडानें यावी, हें त्यांत नक्की झालें, आणि त्या मापाचा मदरबोर्ड आजच्या कॅबिनेटांतही बसतो.

तेव्हां जुळणीस प्रारंभ करावयाचा तो कामापासून. ज्यास खेळ खेळावयाचे आहेत त्याचा पैसा ग्राफिक्स कार्डाकडे अधिक जाणें योग्यच आहे. ज्यास इमारतींचीं चित्रें संगणकाकडून रंगवून घ्यावयाचीं आहेत त्यास प्रोसेसरचे कोअर, म्हणजे एकाच वेळीं गणित करणारे विभाग, जितके अधिक तितके हितावह. परंतु केवळ हिशेबाचीं पुस्तकें लिहिणाऱ्यास १६ कोअरांचा प्रोसेसर देणें म्हणजे एका विटेसाठीं १६ गवंडी बोलावणें होय. राहतां राहिले ते कॅबिनेटमधील रंगीबेरंगी दिवे. तरुण मंडळींना ते फार आवडतात, आवडोत बापडे. यंत्राचा वेग त्यांनीं रतिभरही वाढत नाहीं.

सर्वांत अधिक हेळसांड होते ती एसएमपीएसची. तो दिसत नाहीं, त्याची बढाई मारतां येत नाहीं, म्हणून यादींत तो शेवटीं येतो आणि उरलेल्या चिल्लरींत घेतला जातो. १९८१ च्या त्या आयबीएम संगणकास ६३.५ वॅटचा वीजपुरवठा पुरत असे. २०२२ च्या ऑक्टोबरांत एनव्हिडिया कंपनीनें विक्रीस आणलेलें आरटीएक्स ४०९० हें कार्ड एकटेंच ४५० वॅट घेतें. घरांत २३० व्होल्टनें येणारी वीज हा डबा १२ व्होल्टवर उतरवितो. आणि दाब उतरला म्हणजे तेवढ्याच शक्तीसाठीं प्रवाह वाढतो, हें शाळेंतील पदार्थविज्ञान येथें जसेंच्या तसें लागू पडतें. ६०० वॅट वाहून नेण्यासाठीं केलेल्या जोडांतून १२ व्होल्टवर ५० ॲम्पियर प्रवाह जातो. तो ६ बारीक टोकांत वांटला, तरी प्रत्येकाच्या वांट्यास ८ ॲम्पियरहून अधिक येतो. तें कार्ड बाजारांत येतांच कांहीं ठिकाणीं हा जोड वितळल्याच्या बातम्या आल्या. जोड पुरता आंत बसलेला नसणें हें त्याचें एक सर्रास आढळणारें कारण असल्याचें कंपनीनें सांगितलें. पुढें २०२३ सालीं त्या जोडाची रचनाच सुधारली. तो नीट आंत गेल्याखेरीज पुरी वीज सुटूं नये अशी तजवीज तींत आहे. एवढें खरें कीं, टोंक अर्धेंच टेंकलें कीं तेथें अडथळा वाढतो, अडथळ्यानें उष्णता वाढते, आणि उष्णतेपुढें प्लास्टिकचें कांहीं चालत नाहीं.

उष्णतेचा विषय निघाला तो येथेंच पुरा करणें बरें. प्रोसेसर जी वीज घेतो ती जवळजवळ सगळी उष्णतेच्या रूपानें बाहेर पडते. ही उष्णता काढून नेण्यासाठीं त्याच्या डोक्यावर धातूच्या पातळ पात्यांचा जुडगा व पंखा बसवितात. दोन धातूंचे पृष्ठभाग डोळ्यांस गुळगुळीत दिसले तरी त्यांत सूक्ष्म खळगे असतात, व त्यांत अडकलेली हवा उष्णता अडवून धरते. ते खळगे बुजविण्यासाठीं मधोमध वाटाण्याएवढा थर्मल पेस्टचा गोळा ठेवावा. वरून दाब पडला कीं तो आपोआप पसरतो. पोळीला तूप लावावें तसा त्याचा थर चढविल्यानें कांहीं लाभ नाहीं. आणि पंखा कितीही चांगला असला तरी तो खोलींतील हवेहून प्रोसेसर थंड करूं शकत नाहीं. नागपुरास मे महिन्यांत पारा ४५ अंशांवर चढतो. खोलींत ४० अंश असले, तर जो प्रोसेसर भर कामांत खोलीहून ५० अंश अधिक तापतो तो ९० वर जाऊन बसतो. ९० ते १०० अंशांच्या दरम्यान प्रोसेसर आपला जीव वांचविण्यासाठीं स्वतःच वेग उतरवितो. थंड देशांतील परीक्षणें वाचून घेतलेला पंखा विदर्भांत कमी कां पडतो, याचें उत्तर या बेरजेंत आहे. धुळीनें पात्यांची फट बुजली म्हणजे हाच प्रकार पुण्यांतही होतो. सहा महिन्यांतून एकदां संगणक बंद करून, झांकण काढून, मऊ कुंचल्यानें धूळ झाडली तर पुष्कळ काम भागतें.

प्रत्यक्ष जुळणी हें दोन-तीन तासांचें काम आहे व त्यास एक स्क्रू-ड्रायव्हर पुरतो. कठीण असें त्यांत फारसें नाहीं. विसरण्याजोगें मात्र पुष्कळ आहे. कोरड्या थंडींत अंगावर स्थिर-विद्युत् साठते, यास्तव भागांस हात लावण्यापूर्वीं कॅबिनेटच्या उघड्या धातूस स्पर्श करावा. मदरबोर्ड कॅबिनेटच्या पत्र्यास टेंकूं नये म्हणून त्याखालीं पितळेचे लहान पाय असतात. एखादा पाय भलत्या जागीं राहिला तर तो मागील बाजूस लागून शॉर्ट सर्किट होतें. प्रोसेसर सॉकेटमध्यें ठेवावयाचा, दाबावयाचा नाहीं; कोपऱ्यावरील त्रिकोण जुळला तर तो आपल्या वजनानेंच खालीं बसतो. पंख्याच्या बुडाला संरक्षणाकरितां प्लास्टिकचा पातळ पापुद्रा चिकटविलेला असतो, तो तसाच ठेवून पंखा बसविणारे लोक कमी नाहींत. रॅमची एक १६ जीबीची पट्टी घेण्याऐवजीं ८-८ च्या दोन घेऊन योग्य खांचांत बसविल्या, तर आंकडे दोन वाटांनीं येतात व वेग वाढतो. या पट्ट्या आपल्या वेष्टनावर छापलेल्या वेगानें आपण होऊन धांवत नाहींत. बायॉसमध्यें जाऊन तो वेग चालू करावा लागतो. आणि शेवटीं पडद्याची केबल ग्राफिक्स कार्डास न लावतां चुकून मदरबोर्डास लावलेली असते, अन् हजारों रुपयांचें कार्ड कित्येक दिवस नुसतें पंखे फिरवीत बसतें!

आतां सुधारणा. संगणक जुना झाला असें म्हणण्याची पद्धत आहे. परंतु तो सगळा एकाच दिवशीं जुना होत नाहीं. कोणता भाग बदलतां येतो हें बहुतांशीं मदरबोर्डावरील सॉकेटवर अवलंबून असतें. एएमडी कंपनीच्या एएम४ या सॉकेटचें उदाहरण या बाबतींत बोधप्रद आहे. त्यांत १३३१ टोंकांचा प्रोसेसर बसतो. रायझन जातीचे पहिले प्रोसेसर २०१७ च्या मार्चांत त्यासाठीं निघाले. आणि ५ वर्षांनीं, २०२२ च्या एप्रिलांत निघालेला ५८००एक्स३डी हाही त्याच सॉकेटसाठीं होता. पहिल्या वर्षींच्या ८ कोअरांच्या प्रोसेसरच्या पोटांत जवळच्या स्मृतीचा १६ एमबीचा मोठा कप्पा होता. या नव्या ८ कोअरांच्या प्रोसेसरांत तो ९६ एमबीचा झाला. अगदीं पहिल्या मदरबोर्डांनाही नवे प्रोसेसर चालावेत यास कंपनी प्रथम राजी नव्हती. २०२२ सालीं तिनें ती परवानगी दिली. याच्या उलट इंटेलचें १२०० च्या आंतील एक सॉकेट पाहावें. २०१५ व २०१७ या दोन्ही सालच्या प्रोसेसरांना तळाशीं ११५१ च संपर्कबिंदु होते, तरीही २०१७ अखेरचा प्रोसेसर त्याआधींच्या मदरबोर्डावर चालत नसे. भोकें जुळलीं म्हणजे मेळ जुळला असें नाहीं. मदरबोर्ड बनविणाऱ्याच्या यादींत त्या प्रोसेसरचें नांव आहे कीं नाहीं हें पाहूनच पैसे मोजावेत.

मिरजेकडील तो छायाचित्रकार येथें पुन्हां आठवावा. त्याचा संगणक २०१७ चा, बी३५० जातीच्या मदरबोर्डाचा, ६ कोअरांच्या रायझन ५ १६०० चा. १४ ऑक्टोबर २०२५ रोजीं मायक्रोसॉफ्टनें विंडोज १० ची नेहमींची सुरक्षा-डागडुजी थांबविली. ज्यांनीं वेगळी नोंद केली त्यांना तेवढी वर्षभराची सवलत मिळाली. विंडोज ११ साठीं जे प्रोसेसर मान्य आहेत त्यांच्या यादींत २०१७ चे ते पहिले रायझन नाहींत. दुकानदारानें त्यास सांगितलें कीं, आतां हा डबा भंगारांत घाला.

त्यानें तसें केलें नाहीं. चित्रफितीचें काम चालू असतांना त्यानें टास्क मॅनेजर उघडला आणि नुसतें पाहात बसला. डिस्कचा आंकडा १०० टक्क्यांवरून हलेना व प्रोसेसर बराच वेळ ३० टक्क्यांच्या खालीं लोळत होता. कोण कोणाची वाट पाहतो आहे याचा उलगडा झाला. मदरबोर्डावर एम.२ ची खांच पहिल्या दिवसापासून रिकामी पडलेली होती. तींत त्यानें एनव्हीएमई जातीची एसएसडी बसविली. ४० मिनिटांचीं ४ झालीं. एकूण काम ६० वरून २४ वर आलें, आणि त्यांत आतां २० मिनिटें प्रोसेसरचीं होतीं. प्रोसेसर बदलण्याची वेळ ती हीच. त्याआधीं बदलता तर पैसे वायां जाते.

त्यानें निवडला तो ८ कोअरांचा रायझन ७ ५७००एक्स. जुन्याप्रमाणेंच तोही ६५ वॅट गटांतला, म्हणून जुना वीजपुरवठा व जुना पंखा त्यास चालला. नव्या खोक्यांत पंखा येतच नाहीं. येथें क्रमाला फार महत्त्व आहे. जुना प्रोसेसर जागेवर असतांनाच बायॉस नवा करून घ्यावा लागतो. आधींच प्रोसेसर बदलला तर मदरबोर्ड त्याला ओळखत नाहीं आणि पडदा काळा राहतो. बायॉस लिहिला जात असतां वीज गेली तर मदरबोर्ड निकामीही होऊं शकतो. त्याच्या भागांत दुपारीं वीज जाण्याचा भरंवसा नाहीं, म्हणून यूपीएस भरून घेऊन त्यानें हें काम पहांटे केलें. त्या पांच मिनिटांत त्यानें खुर्चीवरून हालचाल केली नाहीं. मग बायॉसमध्यें टीपीएमची सोय चालू केली आणि विंडोज ११ नें त्या आठ वर्षांच्या पेटीला मुकाट्यानें आंत घेतलें. २० मिनिटांचें गणित ११ वर आलें. पूर्वीच्या एका तासाचें काम १५ मिनिटांचें झालें.

दुकानदारानें त्याला आणखी रॅम घेण्याचाही आग्रह केला होता. परंतु २०२५ च्या अखेरीस रॅमचे भाव कडाडले होते. कृत्रिम बुद्धिमत्तेचीं मोठीं केंद्रें उभारणाऱ्या कंपन्या स्मृति-चकत्यांचा फार मोठा वांटा उचलूं लागल्यामुळें घरगुती गिऱ्हाइकाच्या वांट्यास टंचाई आली. त्याच्याजवळ १६ जीबी होती आणि सर्वांत जड कामांतही तींतील १३ च्या वर खर्च होत नव्हती. शिवाय बायॉसमध्यें गेला असतां त्याला आढळलें कीं, ३००० च्या वेगाच्या त्याच्या पट्ट्या गेलीं आठ वर्षें २१३३ वरच चालत होत्या. तेवढें बटण त्यानें दाबलें. उरलेल्या दोन खांचा तशाच मोकळ्या ठेवल्या, झांकणाचे स्क्रू लावले, आणि जयसिंगपूरच्या लग्नाची चित्रफीत चढविली.